वाटीखालचं नाव

“वाटी उलटायची नाही,” मी तानूमावशीला तिसऱ्यांदा बजावलं. “आणि कुठली कुणाची ते मला सांगायचं नाही. खाणाखुणासुद्धा करायच्या नाहीत.”

“मला दिसतंय कुठं खुणा करायला?” तानूमावशी म्हणाली.

तेही खरंच होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तीळ तांबूस झाले की काळे पडले, हे तिला आता नुसत्या वासावर ओळखावं लागायचं, आणि दहातल्या तीन वेळा वास तिला फसवायचा. म्हणून तर आम्हाला नवी भाजणारीण हवी होती.

पलूसला उषावहिनींचा मसाल्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पुढं अंगण, मसाला कुटायची दोन कांडपं आणि आम्ही अकरा बायका. कांदा-लसूण मसाला करायचो. मिरची कुणीही निवडेल, कांडपावर कुणीही उभं राहील, पण भाजणारीण म्हणजे कारखान्याचा प्राण. धने वेगळे, तीळ वेगळे, खोबरं वेगळं. प्रत्येकाची वेळ निराळी, प्रत्येकाचा रुसवा निराळा. आणि मी चव बघणारी. तसं पद कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मी ‘हं’ म्हटल्याशिवाय पिशवीचं तोंड बंद होत नसे. उषावहिनी त्या दिवशी सासूबाईंचे डोळे दाखवायला मिरजेला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “शालन, चव तू बघ, सही मी करते.”

वहिनी वाईट नव्हत्या. पण अर्ज वाचताना त्यांचं बोट आडनावापाशी जरा जास्त रेंगाळायचं. मला ते दिसायचं. दुसऱ्याचं मला नेहमीच चटकन दिसतं. म्हणून ही वाट्यांची पद्धत मी काढली होती. भाजायचं अंगणात, कुटायचं तानूमावशीनं, आणि आत खोलीत माझ्यापुढं यायच्या फक्त वाट्या. नाव नको, गाव नको. वाटी डावी का उजवी, एवढंच मी सांगणार आणि वाटी कुणाची ते मावशी सांगणार.

या पद्धतीचा मला अभिमान होता, कारण ती मी पुस्तकातून घेतली नव्हती, अंगावर सोसून घेतली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी मी बालवाडीत मदतनीस म्हणून मुलाखतीला गेले होते. बाहेर थांबले होते तेवढ्यात पाच-सहा पोरं माझ्याभोवती गोळा झाली, एक तर मांडीवर झोपलं. आतून साहेबांनी ते बघितलं, हसले. मग विचारलं, “शिक्षण?” मी म्हटलं, “दुसरी.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. टक्. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हा मी ठरवलं होतं, कधी माझ्या हाती आलं, तर मी कुणाच्या तोंडावर टोपण लावणार नाही.

सहा अर्ज आले होते. चौघी आदल्या आठवड्यात गळल्या, दोघी उरल्या. सकाळी नऊला त्या आल्या तेव्हा मी अंगणात चहा घेऊन बसले होते.

वैजयंता पोळ तिशीची, गोरटेली, तोंडाचा पट्टा चालूच. “ताई, आमचे हे म्हणतात, तुझ्या हातची आमटी खाल्ली की मला साखर कारखान्यापर्यंत सायकल लागत नाही, नुसता मसाल्याच्या जोरावर पळत जातो.” असं म्हणून स्वतःच हसली. मलाही हसू आलं.

दुसरी हौसा सकट. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. चहा नको म्हणाली, पदराला हात पुसले आणि सरळ पोत्यापाशी गेली. खोबऱ्याची वाटी उचलून नखानं खरवडली, वास घेतला.

“ह्यात तेल चांगलं हाय,” ती म्हणाली. “पर ह्याला आच कमी लागंल. न्हाईतर वरनं लाल, आतनं कच्चं.”

मी तानूमावशीकडं बघितलं. मावशीच्या भुवया वर गेल्या होत्या.

“कुठं शिकलात, हौसाबाई?”

“सांगलीला. कांडपावर बारा वर्सं काढली.”

“मग इकडं कशा?”

“मालकास्नी लकवा मारला ओ. डावं अंग गेलं. आता सांगलीला जाऊन-येऊन काम कसं हुईल? हितनं घर धा मिन्टांवर हाय. दुपारच्याला पळत जाऊन त्यांच्या तोंडात चार घास घालून परत येता यील.” मग तिला वाटलं असावं, की हे जास्त झालं. ती म्हणाली, “कामात खोळंबा करायची न्हाई मी. जेवायच्या सुट्टीतच जाईन.”

मी म्हटलं, “चव ठरवेल, हौसाबाई. इथं चवीशिवाय कशाला मत नाही.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मी आत गेले आणि दार ओढून घेतलं.

दोन तास मी नुसती वासांवर होते. धने, मग तीळ, मग लवंग-दालचिनी, मग खोबऱ्याचा तो गोड, जड वास. मध्येच खलबत्त्याचा आवाज. मध्येच वैजयंताचं हसणं आणि हौसाबाईंचं काहीतरी पुटपुटणं. दोघींचं जमलेलं दिसत होतं. मला बरं वाटलं. एकमेकींवर डोळे वटारणाऱ्या बायकांच्या हातचा मसालाही तसाच होतो, असं तानूमावशी म्हणायची.

मग मावशी ताट घेऊन आत आली, पायांनी उंबरा चाचपत. ताटात दोन स्टीलच्या वाट्या. अर्जाच्या उत्तरात मीच कळवलं होतं, येताना घरची एक वाटी आणावी. कारखान्यात होती ती सगळी घमेली आणि पातेली. दोन्ही वाट्या सारख्याच, आपल्याकडे घरोघरी असतात तशा. फरक एवढाच, की डावीकडच्या वाटीच्या कडेला पोचा आला होता.

मावशीनं दोन्हींत गरम तेल सोडलं. मसाला चुरचुरला. ज्वारीची भाकरी मोडून माझ्या हातात दिली आणि ती बाहेर गेली.

मी पोचा आलेल्या वाटीतला घास घेतला. मग दुसऱ्या वाटीतला. मग पाणी पिऊन परत उलट्या क्रमानं.

दोन्ही सुरेख होते. एकात धने जरा पुढं, एकात तीळ जरा पुढं, पण डावं-उजवं करता येईना. मी खिडकीतून बाहेर बघितलं, चिंचेवर एक कावळा बसला होता, त्यालाही विचारावंसं वाटलं. दोघींना घ्यायला वहिनी तयार झाल्या नसत्या, जागा एकच होती. म्हणून मी तेल निवायची वाट बघितली. गरम तेलात खूप काही झाकलं जातं, तेल निवलं की मसाला खरं बोलायला लागतो.

पाचेक मिनिटांनी मी पोचा आलेली वाटी वास घ्यायला नाकाशी नेली. उजवा तळवा वाटीखाली.

आता इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. वाचायला शिकले ती भांड्यांवर. आई वारल्यावर मी मामांकडे होते, आणि मामीकडं भांडी खूप. घासायला मी. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुणाच्या बारशाला कुणी दिलं. टोचून टोचून काढलेली ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. राखेच्या पाण्यात दिसायची नाहीत, पण बोटांना लागायची. मी बोटानं एकेक अक्षर चाचपायची आणि मामीला विचारायची, हे काय, ते काय. मामी चिडायची, पण सांगायची. अकराव्या वर्षी मी अख्ख्या गल्लीची नावं डोळे मिटून वाचत होते. पुढं पेपर वाचले, पुस्तकं वाचली, पण बोटांची ती सवय गेली नाही.

मी वाटी उलटली नाही. हे मी आजही सांगेन. बोटं आपोआप चालायला लागली.

सौ. हौसा ना. सकट.

त्या आडनावाची घरं गावात कुठं असतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मला ते माहीत नव्हतं, असा एकही दिवस मला आठवत नाही.

मला काही वाटलं नाही. मनात एक शब्द उमटला नाही. उमटला असता तर मी त्याला झाडून काढला असता, कारण तसल्या शब्दांशी माझं उघड भांडण होतं. मी फक्त त्याच वाटीतला आणखी एक घास घेतला.

मसाला जळका लागला.

थोडासाच. जिभेच्या मागच्या बाजूला, कोळशाच्या कणाएवढा. मी पाणी प्यायले, पुन्हा घेतला. होताच. मग दुसऱ्या वाटीतला घेतला. तो स्वच्छ. नितळ. मला एवढं हायसं वाटलं! तेल निवलं आणि मसाला खरं बोलला, मी मनाशी म्हटलं. पद्धत आहे ती आहे.

मी दार उघडून बाहेर आले.

“वैजयंता, उद्यापासून ये गं.”

वैजयंतानं दोन्ही हात तोंडावर घेतले. तानूमावशी खलबत्ता पुसत होती, ती थांबली.

“कुठली वाटी?” तिनं विचारलं.

“वाटी राहू दे आता मावशी. वैजयंता.”

मावशीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. तिचे ते दुधाळ डोळे माझ्यावर होते, की माझ्या मागच्या भिंतीवर, ते सांगता येत नव्हतं. मग तिनं मान खाली घातली आणि खलबत्ता पुसायला लागली.

हौसाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. “माजं काय चुकलं, ताई?”

मला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि माझ्या मते मी खोटं बोलतही नव्हते. “हात चांगला आहे तुमचा, हौसाबाई. पण मसाला जरा जळका लागला.”

“जळका?”

“अगदी थोडा.”

त्या वळल्या. पातेल्यात त्यांच्या मसाल्याची तळाशी राहिलेली भुकटी होती. त्यातली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली. थांबल्या. आणखी एक चिमूट घेतली. मला वाटलं, आता भांडतील. भांडल्या असत्या तर मी परत आत जाऊन चव घेतली असती, असं मी पुढं कैक वेळा स्वतःला सांगितलं.

त्या एवढंच म्हणाल्या, “तुमास्नी लागला म्हंजे असंल. माज्या जिभेला सवं झाली आसंल.”

पदर खोचला, पिशवी घेतली आणि निघून गेल्या. त्यांच्या मालकांची जेवायची वेळ झाली होती.

वैजयंता कामाला चांगली निघाली. चार-पाच दिवसांत तिनं मावशीकडून कढईचा ताबा घेतला. तिच्या हातून ना कधी तीळ करपले, ना धने. वहिनी म्हणाल्या, “शालन, तुझी जीभ म्हणजे सोन्याचा काटा आहे.” मी लाजले.

आठव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत वैजयंतानं पिशवीतून एक वाटी काढून माझ्यापुढं ठेवली. कडेला पोचा.

“ताई, ही त्या हौसामावशींची. त्यांचं घर माहीत असलं तर द्याल का? गडबडीत माझ्याकडंच राहिली.”

“त्यांची वाटी तुझ्याकडं कशी?”

“अहो, मी विसरले होते ना त्या दिवशी वाटी आणायला. रडायलाच आले. तर त्या म्हणाल्या, रडतीस कशाला, मी दोन आणल्यात, एक पडली-बिडली तर म्हणून. ही घे.” ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता हसली. “मी म्हटलं, मावशी, वाटी तुमची आणि लागले मी, तर? तर म्हणाल्या, वाटीत काय असतंय गं, मसाला तुझा हाय न्हवं?”

माझा घास हातातच राहिला.

“तुझा मसाला या वाटीत होता? हिच्यात?”

“हो की. हा पोचा बघा. मावशींनी मुद्दाम स्वतःला चांगली ठेवली नाही, म्हणजे…” ती गोंधळली. “चांगली त्यांच्याकडंच होती, मला ही दिली. काय झालं ताई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “जेव.”

हात न धुताच मी उठले. तानूमावशी शेडच्या मागं उन्हात बसली होती. आता ती फक्त मिरचीचे देठ काढायची, तेवढं हातांना दिसायचं.

“मावशी, त्या दिवशी पोचा आलेल्या वाटीत कुणाचा मसाला होता?”

“वैजीचा.”

“आणि दुसरीत?”

“हौसाचा.”

म्हणजे जो जळका लागला, तो वैजयंताचा. जिनं पुढं आठ दिवसांत एक तीळ करपू दिला नव्हता. आणि जो स्वच्छ लागला, नितळ लागला, ज्याला मी पसंत केलं, तो हौसाबाईंचा होता. ती दुसरी वाटी मी हातात घेतलीच नव्हती. घेतली असती तर तिच्याखालीही तेच नाव बोटाला लागलं असतं. आणि मग माझ्या जिभेनं काय केलं असतं, देव जाणे.

“तू बोलली का नाहीस?” मी जवळजवळ ओरडले. “मी वैजयंता म्हटलं तेव्हा तुला कळायला हवं होतं!”

मावशीनं एका मिरचीचा देठ काढला, मिरची सुपात टाकली.

“मी इचारलं की. कुठली वाटी म्हनून. तू म्हनालीस, वाटी ऱ्हाऊ दे. तू नाव घेतलंस, शालन. मला वाटलं, नावच बघायचं ठरलं असंल.” तिनं दुसरी मिरची घेतली. “मोठ्या मानसांचं तसंच असतंय. आधी वाट्या मांडत्यात.”

वहिनींना मी काय सांगणार होते? माझी जीभ वाचायला शिकली आहे, असं? वैजयंतानं पहिल्या आठवड्यात पोरीला शाळेत घातलं होतं. तिला काय म्हणून काढायचं? दोन दिवस मी असे प्रश्न मांडत बसले. ते सगळे खरे प्रश्न होते, आणि सगळे माझ्या सोयीचे होते.

तिसऱ्या दिवशी वाटी पिशवीत घालून मी ओढ्यापलीकडं गेले. दहा मिनिटांची वाट, पण त्या बाजूला मी गावात येऊन सतरा वर्षं झाली तरी कधी गेले नव्हते. घर विचारावं लागलं नाही. वासावरूनच सापडलं, दारात धने भाजत होते.

“या की ताई!” हौसाबाई उठल्या. आत खाटेवर मालक होते, उशीला टेकवून बसवलेले. एका डोळ्यानं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उजवा हात कपाळाकडं नेला. नमस्कार असावा.

“कारखान्यातल्या ताई हायत,” हौसाबाई त्यांना मोठ्यानं म्हणाल्या. “म्या सांगितलं न्हवतं? त्या.”

माझ्यापुढं पाट आला, पाणी आलं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. सगळं ठरवून आले होते. पहिलं वाक्य ओढ्यावर दोनदा म्हणूनही बघितलं होतं. तुमचा मसाला जळका नव्हता. चूक माझी झाली.

“ताई, एक इचारू का?” हौसाबाईंनी कढई खाली उतरवली आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. “बरं झालं तुमी आला. मला झोप न्हाई बगा धा दिस. तवाधरनं मी रोज भाजून बगतीया. जळकं काय लागलं हुतं? धनं, का तीळ, का खोबरं?”

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. तक्रार नव्हती त्या नजरेत. शाळेतलं पोर फळ्याकडं बघतं, तशी नजर होती. मी मामीला अक्षरं विचारायची, तशी.

तुमचा मसाला जळका नव्हता, असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता. मग का म्हनलासा? आणि त्याचं उत्तर त्यांच्या दारात, त्यांच्या पाटावर बसून, त्यांचं पाणी पिऊन मला द्यावं लागलं असतं.

“खोबरं,” मी म्हटलं.

“खोबरं?”

“हो. जरासं.”

हौसाबाईंनी हळूहळू मान हलवली. मग त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला. “मला वाटलंच हुतं! खोबऱ्यापाशी वैजी कायतरी इनोद करत हुती, माजं ध्यान गेलं आसंल. बारा वर्सं भाजून बी चुकतंय मानूस. आता न्हाई चुकायची.” त्या मालकांकडं वळून ओरडल्या, “खोबरं हुतं वो! खोबरं!”

मालकांचा उजवा हात पुन्हा कपाळाकडं गेला.

घरी आल्यावर मी पिशवी उघडली. वाटी आतच होती. तिला बाहेर काढायचं म्हणजे ती माझ्याकडं कशी आली ते सांगायचं. बोलता बोलता सगळंच निघालं असतं. मी ती फडताळात मागं सारली.

पुढं दोन पावसाळे गेले. हौसाबाईंना त्या काळात जवळपास कुठं काम मिळालं नाही. मिळालं ते लांब कुरळपला, शेतात, दिवसभराचं. मालकांना शेजारची म्हातारी बघायची. एक दिवस वैजयंता सांगत आली, हौसामावशींचे मालक गेले. दुपारी गेले. जवळ कुणी नव्हतं. मी तेव्हा मसाल्याच्या पिशवीवर ‘हं’ म्हणायला वाकले होते. ‘हं’ म्हटलं. दुसरं काय करणार.

त्यानंतर हौसाबाई बाजारात दिसायला लागल्या. आठवड्याच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, पोत्यावर मसाल्याच्या पुड्या मांडून. मी दोन-तीन बाजार लांबूनच बघितलं. चौथ्या बाजाराला पाय तिकडं वळले.

त्यांच्यापुढं एक बाई पुडी हातात घेऊन हुंगत होती. मी तिच्या मागं उभी राहिले, हौसाबाईंना दिसणार नाही अशी.

“खोबरं करपलेलं नाही ना? मागं एकीकडून घेतला, सगळा कडू निघाला.”

“न्हाई वो,” हौसाबाई म्हणाल्या. “खोबरं मी लई हलक्या हातानं भाजते. नुसतं गरम झालं की उतरवते. आधी माजीबी चूक हुत हुती. पर त्या मसाल्याच्या कारखान्यातल्या शालनताई हायत न्हवं, त्यांनी घरी यिऊन सांगितलं मला. काम दिलं न्हाई ते न्हाई, पर चूक सांगाय घरापातुर आल्या. कोन येतंय वो एवढं?”

बाईनं एक पुडी घेतली आणि बाजूला झाली. आणि हौसाबाईंना मी दिसले.

“आगं बाई! ताई! शंबर वर्सं आयुष्य हाय बगा तुमास्नी!” त्यांनी घाईघाईनं एक पुडी सोडली, चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. “बगा बरं. आणि खरं सांगा. तुमची जीभ कुनाला भीक घालायची न्हाई, मला ठावं हाय.”

मी चिमूट जिभेवर ठेवली.

धने असे की डोळे मिटावेत. तीळ, दगडफूल, सगळं जिथल्या तिथं. आणि त्याच्यामध्ये खोबरं कच्चं. नुसतं गरम झालेलं. त्यातलं तेल तसंच आत, पंधरा-वीस दिवसांत खवट होणारं. घेणारी बाई एकदा घेईल, दोनदा घेईल. महिन्यानं डबा उघडेल, नाक मुरडेल आणि परत या पोत्यापाशी येणार नाही. पहिल्या दिवशी आमच्या अंगणात खोबऱ्याची वाटी नखानं खरवडून “आतनं कच्चं” होईल म्हणणारी ही बाई. तिचं ते ज्ञान मी एका शब्दानं पुसलं होतं.

“कसा हाय?”

आजूबाजूला बाजाराचा गलका होता. मी तोंड उघडलं. खोबरं अजून भाजा, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. पण त्यांच्या मागं ते बाकीचे सगळे शब्द दोन वर्षं रांग लावून उभे होते, आणि हौसाबाई माझ्या तोंडाकडं तशाच बघत होत्या, फळ्याकडं बघावं तशा.

“चांगला आहे,” मी म्हटलं.

“जळका न्हाई न्हवं?”

“नाही. जळका नाही.”

त्यांनी दोन पुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. मी पैसे काढले, तर त्यांनी माझा हात पिशवीसकट मागं लोटला.

“शिकवनाऱ्याकडनं पैसं घ्यायचं व्हय? काय तरीच!”

पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजारातून गेल्या. कुणी म्हणालं लेकीकडं कऱ्हाडला, कुणी म्हणालं परत शेतात. मी विचारलं नाही. याला अठरा वर्षं झाली. कारखाना आता मोठा आहे, वैजयंताच्या हाताखाली चार भाजणाऱ्या आहेत, आणि मी अजून चव बघते. वाट्या आता आम्ही कारखान्याच्याच वापरतो, चिनी मातीच्या. खाली काही लिहिलेलं नसतं. तरी घास घेण्याआधी माझी बोटं एकदा खालून फिरून येतात.

त्या दोन पुड्या मी घरी आणल्या त्या दिवशी फडताळात मागं हात घालून पोचा आलेली वाटी काढली होती. तिच्यातच मसाला ओतला. विसाव्या दिवशी तो खवट झाला. मुलगा म्हणाला, “आई, टाकून दे तो.”

मी टाकला नाही. घरातल्या कुणालाही त्यातला दिला नाही. माझ्या एकटीच्या आमटीत घालून, संपेपर्यंत खाल्ला.